पाठांतराच्या चिठ्ठ्यांचे स्थलांतर

तापीच्या मुखाशी वसलेल्या हजीरा येथील कारखान्यांत खानदेशातून आलेल्या तरुणाने शिरोरेखेवाचूनची गुजराती अक्षरे शिकावयाचे ठरविले, तर पाठांतराच्या चिठ्ठ्यांचा त्यास मोठा आधार होईल. आठवलेली चिठ्ठी अधिक दिवसांनी समोर येते, विसरलेली लवकर परतते.

अशा चिठ्ठ्यांची ‘अँकी’ ही प्रणाली २००६ साली संगणकासाठी निघाली. २००९ मध्ये ती अँड्रॉइड भ्रमणध्वनीसाठी घडविण्यास आरंभ झाला. मूळ लेखन पायथॉन भाषेत, हे जावामध्ये. म्हणजे सारे नव्याने लिहिणे आले. अक्षरे पडद्यावर उमटविणे त्या मानाने सोपे. चिठ्ठी चार दिवसांनी यावी की दहा, हे मात्र दोन्ही यंत्रांनी एकसारखेच सांगावयास हवे. अन्यथा कित्येक महिन्यांची उजळणी विस्कटते. पुढे हे गणित रस्ट भाषेतील एकाच गाभ्यात आणले गेले आणि संगणक व भ्रमणध्वनी दोहोंनीही तोच स्वीकारला.