कारखान्यातील केबली : बंदिस्त की उघड्या?



कारखाना पाहावयास आलेल्या पाहुण्याची नजर यंत्रांवर जाते, तयार मालावर जाते. छताखालून आणि भिंतीच्या कडेने गेलेल्या केबलींकडे मान वर करून सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः कारखान्याची सारी शक्ती याच मार्गांनी वाहत असते आणि दुर्दैवाने आग लागलीच, तर तीही याच मार्गांनी एका दालनातून दुसऱ्या दालनात जाऊ शकते. केबली बंद नळीतून न्याव्यात की उघड्या ट्रेवर मांडाव्यात, हा प्रश्न म्हणूनच केवळ वायरमनवर सोपवून मोकळे होण्याजोगा नाही.

मुंबईच्या उपनगरांत तर तो विशेष निकडीचा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. अंधेरी-मरोळ येथे महामंडळाची औद्योगिक वसाहत वाढली आणि १९७३ साली अंधेरीतच सीप्झ हे निर्यातक्षेत्र सुरू झाले. घाटकोपरपासून भांडुप-मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गालगत मोठे कारखाने उभे राहिले, तर पश्चिमेकडे गोरेगावपासून बोरिवलीपर्यंत लघुउद्योगांच्या गाळ्यांची वस्ती झाली. पुढे मोठे कारखाने पुष्कळसे उठून गेले व त्यांच्या जागी निवासी संकुले आली. गाळे मात्र अनेक ठिकाणी टिकून आहेत. अशा गाळ्यात काल लेथ चालत होता, आज प्लॅस्टिकचे साचे चालतात, उद्या तेथे संगणकांची खोली होईल. येणारा प्रत्येक उद्योजक आपली केबल जुन्या केबलींच्या शेजारी टाकतो. जुनी काढण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

दोन पद्धती

केबली नेण्याच्या प्रचलित पद्धतींचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग बंदिस्त पद्धतींचा. पोलादी किंवा पीव्हीसीच्या नळ्या, म्हणजेच कॉन्ड्युइट, आणि झाकण असलेली चौकोनी पन्हळ, म्हणजेच ट्रंकिंग, हे त्याचे मुख्य प्रकार होत. दुसरा वर्ग उघड्या पद्धतींचा. त्यात शिडीच्या आकाराचे, भोके पाडलेल्या पत्र्याचे आणि तारांच्या जाळीचे ट्रे येतात.

यांपैकी कोणती पद्धत चांगली, असे विचारले तर सरसकट उत्तर देता येणार नाही. अधिक उपयुक्त प्रश्न असा की, त्या विशिष्ट जागी धोका बाहेरून केबलीवर येणार आहे की केबलीच्या पोटातूनच निर्माण होणार आहे?

पोटातील धोका : उष्णता

तारेतून वीजप्रवाह वाहू लागला की तार तापते. प्रवाह दहा टक्क्यांनी वाढला तर उष्णता एकवीस टक्क्यांनी वाढते. सर्वसाधारण पीव्हीसी आवरणाच्या केबलीतील तारेचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये, असा दंडक आहे. एक्सएलपीई आवरणासाठी ही मर्यादा ९० अंश आहे. तिच्यापेक्षा अधिक तापमान दीर्घकाळ राहिल्यास आवरण कडक होते, त्याला तडे जातात आणि शेवटी तारा एकमेकींना भिडतात.

उघड्या ट्रेवर ही उष्णता हवेत निघून जाते, तर नळीत ती कोंडली जाते. समजा, साकीनाक्यावरील एखाद्या गाळ्यात नऊ यंत्रे आहेत आणि प्रत्येकाची वीज स्वतंत्र केबलीने न्यावयाची आहे. एकटी असता जी केबल १०० अँपिअर प्रवाह सुखाने वाहते, तशा नऊ केबली पूर्ण भाराने एकाच बंदिस्त मार्गातून नेल्या, तर आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाच्या कोष्टकाप्रमाणे प्रत्येकीची क्षमता निम्मी, म्हणजे ५० अँपिअरच धरावी लागते. भोकांच्या ट्रेवर त्या एका थरात मांडल्या तर ती ७२ आणि शिडीच्या ट्रेवर ७८ अँपिअर धरता येते. बंदिस्त मार्गात केबलीची मूळ क्षमताही कमी धरली जाते, ती गोष्ट निराळीच. तात्पर्य, भार मोठा व केबली पुष्कळ असतील, तेथे नळीचा आग्रह धरणाऱ्यास अधिक जाड तारेची किंमत मोजावी लागेल. ती न मोजल्यास पुढे आवरणे जळण्याची वेळ येईल.

येथे एक चूक वारंवार घडते. धूळ बसू नये किंवा टापटीप दिसावी म्हणून उघड्या ट्रेवर मागाहून पत्र्याचे झाकण बसविले जाते. झाकण बसताच तो ट्रे बंदिस्त मार्ग होतो. केबली मात्र उघड्या ट्रेच्या हिशेबाने निवडलेल्या असतात. एका थराच्या हिशेबाने केलेल्या ट्रेवर तीन थर रचले, तर तेथेही हिशेब असाच कोसळतो.

बाहेरील धोके

उष्णतेचाच विचार केला तर उघडी पद्धत सरस ठरेल. परंतु कारखान्यात केबलीवर बाहेरूनही आघात होत असतात. यंत्राजवळ माणसांची व हातगाड्यांची ये-जा असते. लेथचा तप्त कीस उडतो, शीतक द्रव व तेल गळते. अशा जागी, विशेषतः माणसाच्या उंचीपर्यंत, केबलीला पोलादी नळीचे संरक्षण हवे. बाह्य आवरण नसलेल्या सुट्या तारा तर उघड्या ट्रेवर कधीच ठेवू नयेत. त्यांची जागा नळीत किंवा झाकणाच्या ट्रंकिंगमध्ये आहे. ट्रेवर आवरणयुक्त, शक्यतो पोलादी कवचाच्या केबली मांडाव्यात.

धुळीचा विचार धंद्यानुसार करावा. लाकडाचा भुसा, कापसाचे तंतू, पीठ असे जळाऊ कण जेथे उडतात, तेथे सपाट ट्रेवर त्यांचा थर साचतो आणि तापलेल्या केबलीवर तो पेटू शकतो. शिडीच्या ट्रेवर कण कमी ठरतात व झाडणेही सोपे जाते. ज्वालाग्राही द्रावकांची वाफ असलेल्या खोल्यांना मात्र हे सामान्य नियम पुरत नाहीत. तेथे स्फोटप्रतिबंधक साहित्य व तज्ज्ञाचा सल्ला अपरिहार्य आहे.

पावसाळा आणि खारी हवा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीचे पाणी साकीनाका, कुर्ला, कलिना या भागांत शिरले. उपनगरांच्या मोठ्या भागात वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. त्या दिवसापासून घ्यावयाचा बोध असा की, जमिनीतील चरावर लादी टाकली म्हणजे केबल सुरक्षित झाली, असे नव्हे. पाणी ओसरले तरी चरातील गाळ मागे राहतो आणि केबलींचे सांधे त्या गाळात भिजत पडतात. सखल भागातील तळमजल्यावर मुख्य केबली व स्विचबोर्ड पुराच्या पातळीवर, छताकडे नेलेले बरे.

बंद नळीत पाणी शिरत नाही, हाही एक गैरसमज आहे. दमट हवेतील बाष्प नळीत गारठून थेंब होतात आणि सखल वळणात साचतात. तेथे निचऱ्याची सोय ठेवावी. खाऱ्या हवेत केवळ रंग दिलेला पत्रा लवकर गंजतो. म्हणून जस्ताच्या तप्त रसात बुडवून काढलेले ट्रे व नळ्या घ्याव्यात आणि कापलेल्या कडांवर जस्तयुक्त लेप द्यावा. घुशी-उंदरांचा उपद्रव दोन्हीकडे होतो. ते उघड्या ट्रेवरून धावतात आणि तोंडे उघडी राहिलेल्या ट्रंकिंगमध्ये घरटी करतात.

भिंतीतील भोक

पद्धत कोणतीही असो, केबली भिंतीतून किंवा स्लॅबमधून पलीकडे जातात ते ठिकाण सर्वांत नाजूक असते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी अणुवीजकेंद्रात २२ मार्च १९७५ रोजी एक कर्मचारी भिंतीतील अशाच एका छिद्रातून हवा गळते की काय, हे मेणबत्तीच्या ज्योतीने पाहत होता. छिद्र बुजविण्यासाठी वापरलेल्या फेसाळ प्लॅस्टिकने पेट घेतला. आग ट्रेवरील केबलींच्या मार्गाने पलीकडच्या इमारतीत गेली, सुमारे सात तास धुमसत राहिली आणि सोळाशेच्या आसपास केबली निकामी झाल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

उपनगरांतील बहुमजली औद्योगिक इमारतींत वीज वर नेणारा उभा बोगदा प्रत्येक मजल्यावर उघडा असेल, तर तो धुराड्याचेच काम करतो. जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा गुदमरविणारा वायू निघतो. तळमजल्यावरील ठिणगीचा धूर याच वाटेने चौथ्या मजल्यावरील कामगारांपर्यंत जिन्याच्या आधी पोचू शकतो. यास्तव प्रत्येक मजल्यावर ही भोके अग्निरोधक साहित्याने बुजवावीत. नवी केबल टाकताना फोडलेली भोके त्याच दिवशी पुन्हा बुजवावीत आणि शक्य तेथे धूर कमी करणाऱ्या आवरणाच्या केबली वापराव्यात.

निवड कशी करावी?

बहुतेक कारखान्यांना दोन्ही पद्धती लागतील. स्विचबोर्डापासून निघणाऱ्या मोठ्या भाराच्या केबली उंचावरून शिडीच्या ट्रेवर न्याव्यात आणि ट्रेपासून यंत्रापर्यंतचा उतार नळीतून करावा. कार्यालयात व जुळणीच्या टेबलांवर ट्रंकिंग सोयीचे पडते. संदेशवहनाच्या तारा विजेच्या केबलींपासून वेगळ्या मार्गाने किंवा वेगळ्या कप्प्यातून न्याव्यात. पोलादी नळीतून नेताना एकाच मंडलाच्या सर्व तारा एकाच नळीत असाव्यात, अन्यथा नळीच तापू लागते. धातूचा प्रत्येक मार्ग सांध्यासांध्यांतून अखंड जोडून त्याचे अर्थिंग करावे. भविष्यातील वाढीसाठी थोडी जागा मोकळी सोडावी आणि निरुपयोगी केबली काढून टाकाव्यात.

हे काम परवानाधारक विद्युत् कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. त्याच सुमारास मालकाने स्वतः मुख्य स्विचबोर्डापासून शेवटच्या यंत्रापर्यंत मान वर करून एकदा चालत जावे. झाकण कोठे मागाहून बसले, थर कोठे वाढले, भोक कोठे उघडे राहिले, हे त्याला कोणत्याही उपकरणावाचून दिसेल. त्या फेरीला अर्धा तास लागेल. त्या केबलींखाली दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या कामगारांसाठी एवढा वेळ प्रत्येक मालकाने काढावयास हवा.