'प्रॉब्लेम' म्हणजे नेमकं काय?

(खापा, जि. नागपूर येथे बचत गटांतील बायकांसमोर केलेलं भाषण)



एम.एस.डब्ल्यू.च्या पुस्तकांत 'प्रॉब्लेम' हा शब्द पानोपानी होता. पण तो किती कामांना जुंपला जातो, हे या कन्हानकाठच्या गावांत फिरताना कळलं.

पाळी आली की 'प्रॉब्लेम आहे'. मूल होत नाही, तर 'तिच्यात प्रॉब्लेम आहे', नवऱ्याची तपासणी झालेली नसली तरी. अंगावरून जातं, शेताचा वाद आहे, नवरा पिऊन येतो, सगळ्याला एकच शब्द. पाळीपुरतं मी समजू शकते. 'विटाळ' म्हणण्यापेक्षा तो बरा. (तरी 'पाळी' हा साधा शब्द असताना इंग्रजीच्या पदराआड का जायचं?)

पण एखादी म्हणते, "ताई, घरी जरासा प्रॉब्लेम हाये," तेव्हा मी सावध होते. "तो मले मारते" या वाक्यात मारणारा आहे. "प्रॉब्लेम हाये" यात कुणीच नाही, पाऊस पडावा तसं सगळं आपोआप घडलेलं. मग शेजारीण म्हणते, "तिचा काहीतरी प्रॉब्लेम आहे." म्हणजे मार खाल्ला तिने आणि बिघाडही तिच्यातच! मारणारा खुशाल पारावर बसलेला.

कायद्याचं या शब्दावर भागत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आर्थिक अशी हिंसेची नावं घेतली आहेत. संरक्षण अधिकारी अहवाल भरतात तेव्हा कोणी, कधी, कुठे, काय केलं, हे सांगावं लागतं.

आर्थिक हिंसा म्हटलं की बायका हसतात. खापा हे विणकरांचं जुनं गाव. मागावर पुरुष बसायचा, कांड्या घरची बाई भरायची, मजुरी त्याच्या हाती. आज गटाचं कर्ज हिच्या नावावर, पैसा त्याच्या खिशात, हप्ता मात्र हिनेच फेडायचा. याला आपण 'पैशाचा प्रॉब्लेम' म्हणतो! बाईची कमाई हिसकावणं, घरखर्च न देणं, तिचं स्त्रीधन परस्पर विकणं ही त्या कायद्याने हिंसा आहे.

'प्रॉब्लेम' म्हणणाऱ्या बाईला मात्र कुणी टोकू नका. दाराशी सासू उभी असताना ती दुसरं काय म्हणेल? त्या शब्दाने ती आपल्याला चाचपून पाहते. तिला बाजूला घ्या, चहा होऊ द्या, मग विचारा, "म्हणजे काय होतं?" ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहा. 'मारते'चं 'मारहाण करतो' करत बसू नका.

गटांच्या नोंदवहीत 'प्रॉब्लेम' असा एक रकाना असतो. मी आणलेल्या वह्यांत त्या जागी 'कोणी काय केलं' असं लिहिलं आहे. वह्या मागे सतरंजीवर ठेवल्यात, प्रत्येक गटाने एक घ्या. आणि त्या घरच्या कपाटात नको, गटाच्या पेटीत कुलपात ठेवा.