एका प्रश्नाला एकच उत्तर



गणितातल्या 'फलन' या शब्दाला मुले उगाच भितात. दोन समूहांमधला एखादा संबंध फलन आहे की नाही, हे ओळखावे कसे, एवढेच आज पाहू.

टपालाचे उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याची गरज काय होती? पिंपळगाव नावाची गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. पाकिटावर नुसते 'पिंपळगाव' लिहिले, तर पत्र न्यावे कुठे? नाव एक, गावे अनेक. तेव्हा नावाकडून गावाकडे जाणारा हा संबंध फलन नव्हे. उलट, कोणतेही टपाल कार्यालय घ्या. त्याचा पिनकोड एकच. हे झाले फलन.

कोणी म्हणेल, "अहो, पण आसपासच्या चार कार्यालयांना एकच पिनकोड असतो, त्याचे काय?" असू द्या की! मुले घसरतात ती इथेच. अनेकांचे उत्तर एक असले तरी चालते. एकाची उत्तरे दोन असलेली चालत नाहीत. मात्र दिशा बदलून पिनकोडवरून कार्यालय शोधू लागलात, की फलन मोडले. म्हणून तर पिनकोड लिहूनही गावाचे नाव लिहावेच लागते.

तेव्हा प्रश्न दोनच विचारायचे. पहिल्या समूहातल्या प्रत्येकाला उत्तर आहे ना? आणि ते एकच आहे ना? दोन्हींना 'होय' आले, तरच फलन.

आता संख्यांकडे वळू. संख्येवरून तिचा वर्ग काढा. ३ चा वर्ग ९, उणे ३ चाही ९. तरी हे फलनच. पण 'कोणत्या संख्येचा वर्ग ९?' असे विचारले, तर ३ आणि उणे ३ अशी दोन उत्तरे येतात. हे फलन नव्हे. आलेख असेल, तर उभी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवा. ती आलेखाला कुठेही दोन ठिकाणी छेदत असेल, तर तो फलनाचा आलेख नाही. वर्तुळ इथेच नापास होते.

फलनाला सूत्र हवेच असे नाही. प्रत्येकाला एक ठरलेले उत्तर असले की पुरे, हा विचार जर्मन गणिती डिरिक्ले यांनी १८३७ साली मांडला.

गुरुजी, व्याख्या पाठ करून घेण्याआधी वर्गातला हजेरीपट उघडा. हजेरी क्रमांकावरून मूल नक्की ठरते का? नुसत्या नावावरून ठरते का? मुलांनाच ठरवू द्या.