नवसागर आणि नवी टाकी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरातलं मत्स्यालय : छंद आणि सजावट’. सजावटीवर मी वेळ उरला तर बोलेन. (हशा) मला ओळखणारी मंडळी हसली, म्हणजे तो उरणार नाही. मला आज खरं बोलायचंय ते या बाटलीतल्या पांढऱ्या पुडीबद्दल. हे अमोनियम क्लोराइड. आपण याला नवसागर म्हणतो. (मागच्या रांगांत मोठा हशा) मागे कोण का हसलं ते समजलं मला! काळा गूळ आणि हातभट्टी हा आजचा विषय नाही.

माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो, काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. नायट्रोजनचक्र तुम्ही शाळेत शिकलात, त्यात शिरत नाही. त्या जीवाणूंची नावं पुस्तकात आहेत तेवढीच नाहीत, हेही जाता जाता सांगतो. सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून 2005 साली अमोनिया खाणारा जो जीव वेगळा काढला, तो जीवाणूसुद्धा नव्हता, आर्किया होता. असो. मुद्दा असा की नव्या काचेच्या टाकीत ही मंडळी जवळपास नसतातच आणि ती वाढतात अतिशय सावकाश. आपल्या आतड्यातला ई. कोलाय सगळं मनासारखं असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना चांगल्या परिस्थितीतही आठ तासांपासून दिवसभर लागतो. म्हणून टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात.

आणि आपण काय करतो? रविवारी टाकी आणतो, संध्याकाळी मासे सोडतो. आठवड्याभरात एकेक उलटा तरंगायला लागतो. दुकानदार म्हणतो, ‘पाणी मानवलं नाही.’ मघाशी एका ताईंची चिठ्ठी आली, आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवला तर काळा मासा घरावरचं संकट स्वतःवर घेऊन मरतो, हे खरं का? ताई, संकट घरावर नव्हतं, पाण्यात होतं. अमोनियाच्या साध्या टेस्ट किटमध्ये ते दिसलं असतं. (हशा, टाळ्या)

तेव्हा मासे न सोडता जीवाणूंना आधी अमोनिया खाऊ घालायचा, ही पद्धत. कोळंबी टाकून कुजवा, असंही सांगतात. त्यातून अमोनिया निघतो हे खरं, पण किती ते मोजता येत नाही, आणि कोळंबीचा असा उपयोग करायला या सभागृहातली अर्धी मंडळी मला परवानगी देणार नाहीत. (हशा) मग बाहेरून अमोनिया घालायचा. कुठला? इथेच लोक फसतात, कारण बाटलीवर ‘अमोनिया’ एवढंच वाचतात.

काच पुसायची निळी बाटली नको. तिच्यात अमोनिया असतो, पण साबण, रंग, वासही असतात, आणि साबणासारख्या पदार्थांनी कल्ल्यांवरचा थर जातो. अमेरिकेत तुमची मुलं असतील तर त्यांना दुकानात घरगुती अमोनिया मिळतो. त्यांना सांगा, बाटली हलवून बघा. फेस येऊन टिकला तर परत फळीवर ठेवा. फेस लगेच विरला तरी लेबल वाचाच, कारण अत्तर फेस करत नाही. आपल्याकडे केमिकलच्या दुकानात लिकर अमोनिया मिळतो, साधारण पंचवीस टक्क्यांचा. शुद्ध असतो, पण या उन्हाळ्यात त्या बाटलीत दाब चढतो, झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी, आणि तो चुकून ब्लीचिंग पावडरजवळ गेला तर क्लोरामाइनचा विषारी वायू. लहान मुलांच्या घरात मला ते पटत नाही.

आता नवसागराकडे येतो. तुमच्यापैकी किती जणांनी कल्हई लावताना बघितलीय? हात वर करा. बघा, अर्ध्यांहून जास्त. तर कल्हईवाला वाड्याच्या चौकात भट्टी लावायचा, भाता हलायचा, पितळेचं पातेलं तापून लाल व्हायला यायचं आणि मग तो चिमूटभर नवसागर टाकायचा. भसकन पांढरा धूर, तिखट वास, आणि पाठोपाठ कथील आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेरा, की पातेलं आतून चांदीसारखं. आजी म्हणायची, धूर अंगावर घेऊ नका. त्या धुरात काय होतं? तापल्या धातूवर नवसागर फुटतो, त्याचा अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतो. हायड्रोजन क्लोराइड तांब्याचा काळा थर खातो, म्हणून कथील घट्ट बसतं. वर थंड हवेत ते दोघे पुन्हा भेटतात आणि पुन्हा नवसागर होतो. तो पांढरा धूर म्हणजे नवसागरच! आपल्या आज्या परत निघालेला नवसागर नाकात घेऊ देत नव्हत्या. मी सांगतो तुम्हाला, रसायनशास्त्राचा इतका सुंदर धडा... (संयोजकांकडून चिठ्ठी) हो, हो. वीस मिनिटं. म्हणजे मला वाटलं तितका वेळ नाही.

तर, कल्हईवाल्याकडचा खडा टाकीत टाकू नका! त्याच्या कामाला पुरेसा असला तरी त्यात तांबं, कथील, काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, आणि तांबं गोगलगायी-झिंग्यांना मारतं, जीवाणूंनाही त्रास देतं. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात शुद्ध अमोनियम क्लोराइड मिळतं. लेबलवर शुद्धता आणि लोह, सल्फेट, जड धातू यांची कमाल मर्यादा छापलेली असते. वास नाही, वाफ नाही, तराजूवर मोजता येतं. माझा आग्रह याच्याचसाठी आहे.

मागून आवाज आला, ‘युरिया स्वस्त पडेल.’ पडेल. पण युरिया म्हणजे अमोनिया नव्हे. आधी दुसऱ्या जीवाणूंनी तो फोडायला हवा, आणि तोपर्यंत तुमच्या टेस्ट किटला तो दिसतही नाही. त्यातून 2015 पासून आपल्याकडच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं लेपन सक्तीचं झालं. ते कशासाठी? जमिनीत नायट्रीकरण सावकाश व्हावं, नत्र वाया जाऊ नये म्हणून. शेतात ते फार चांगलं. टाकीत मात्र तुम्ही ज्या जीवाणूंना वाढवायला बसलाय, त्यांनाच रोखणारी गोणी आणून ओतताय! (टाळ्या) डीएपी नको, फॉस्फेटनं शेवाळ माजेल.

आणि जे म्हणतात, ‘आम्ही वर्षानुवर्षं मासे टाकूनच सुरुवात करतो, काही होत नाही’, त्यांच्याशी मी भांडणार नाही. मॉली मासे सोडून टाकी चालू होते, मान्य. पण कल्ले भाजलेले असतात. मासा बोलत नाही म्हणून आपल्याला वाटतं त्याला चाललं.

आता घाईत सांगतो, लिहून घ्या. आधी क्लोरीन घालवा, कारण क्लोरीन असलेल्या पाण्यात अमोनिया पडला की क्लोरामाइन बनतं. सोडियम थायोसल्फेट, फोटोवाल्यांचं ‘हायपो’, तेच काम करतं. मग एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम नवसागर विरघळवा. शंभर लिटरच्या टाकीत यातलं सुमारे 63 मिलिलिटर घातलं की दोन पीपीएम अमोनिया होतो. साठ लिटरला 38. चार-पाच पीपीएमच्या वर जाऊ नका, जीवाणूच अडतात. पाणी 25 ते 30 अंश चांगलं, म्हणजे वैशाख आपल्या बाजूनं आहे. अमोनिया उतरला की पुन्हा घाला. नायट्राइट चढतं, बरेच दिवस उतरत नाही, घाबरू नका. दोन पीपीएम घातल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की बरंचसं पाणी बदला आणि मासे आणा.

मुंबई-पुण्याचं तलावाचं पाणी मऊ आहे. जीवाणू एक मिलिग्रॅम नत्रामागे सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता खातात, आणि पीएच साडेसहाच्या खाली गेला की काम मंदावतं. म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. बोअरवेलवाल्यांना बहुधा गरज पडणार नाही.

अध्यक्ष घड्याळ बघताहेत. एकच चिठ्ठी घेतो : ‘मधेच सुट्टीत गावाला जायचं असेल तर?’ खुशाल जा. आठवडाभर उपाशी राहिले तर जीवाणू मंदावतात, संपत नाहीत. आल्यावर पुन्हा नवसागर घाला आणि तपासा. फिल्टर मात्र बंद करून जाऊ नका, त्यांना ऑक्सिजन लागतो. आणि वीजबिलाची काळजी करणाऱ्यांना सांगतो, पाच वॉटचा फिल्टर महिनाभर रात्रंदिवस चालला तरी चार युनिटसुद्धा होत नाहीत. (टाळ्या)