पीसी अचानक बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

(एपिसोडचं लिखित रूप. इयरफोन घरी विसरलेल्यांसाठी खास!)

 

आजचा एपिसोड थोडा टेक्निकल आहे आणि थोडा माझ्या फजितीचा. "घरचा कॉम्प्युटर चालता चालता धाडकन बंद पडतो रे, काय करू?" हा प्रश्न मला मावशीपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे विचारतात. कारण मी बीटेक, त्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. घरच्यांच्या हिशेबाने मला मिक्सरसुद्धा दुरुस्त करता यायला हवा.

तर झालं असं. माझे बाबा सोलापूरला असतात. रिटायर झाल्यावर घरी बसून तीन-चार दुकानांचे हिशेब टॅलीवर लिहितात. डेस्कटॉप जुना, पण त्यांचा जीव त्याच्यावर. मार्च महिना, इयर एंडिंग डोक्यावर आणि पीसी मध्येच बंद पडायला लागला. शटडाउनचा मेसेज नाही, निळी स्क्रीन नाही. एकदम अंधार.

बाबांनी फोन केला. मी पुण्याहून फोनवरच निकाल देऊन टाकला, "बाबा, व्हायरस असेल. शनिवारी येतो, फॉरमॅट मारू."

आलो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेतला, सी ड्राइव्ह साफ केला, विंडोज नवीन टाकलं. बाबा मागून विचारत होते, "अरे, टॅली राहील ना?" मी म्हटलं, "हो हो, सगळं घेतलंय."

नव्हतं घेतलं. टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवरच्या पब्लिक फोल्डरमध्ये होता. बाबांच्या पेन ड्राइव्हवर दिवाळीपर्यंतचा बॅकअप होता. पुढच्या जवळजवळ पाच महिन्यांच्या नोंदी गेल्या. आणि खरी गंमत पुढे आहे. नवीन विंडोज टाकल्यावर वीस मिनिटांत पीसी परत बंद!

बाबा काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. आई ज्या चौकोनांत दुधाचे लिटर लिहिते, त्याच्याच खाली बाबांनी पेन्सिलने वेळा लिहिल्या होत्या. पीसी कधी चालू केला, कधी बंद पडला. पंधरा दिवसांच्या! सकाळी सातला लावला तर तासभर चालायचा. दुपारी दोनला लावला तर पंधरा मिनिटांत खलास. दोन ओळींपुढे बारीक अक्षरात: "आधी पंख्याचा आवाज वाढला."

मी ऑफिसमध्ये रोज लॉग वाचतो. इथे लॉग भिंतीवर टांगला होता, पण मी विचारलंच नाही. मला सॉफ्टवेअर येतं, म्हणून मी बिघाडही सॉफ्टवेअरमध्येच शोधला.

सोलापूरची दुपार म्हणजे काय ते तिकडच्यांना सांगायला नको. जसं ऊन वाढेल तसा पीसी लवकर बंद पडत होता, म्हणजे संशय सरळ उष्णतेवर. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान वाढतच राहिलं, तर जळू नये म्हणून सिस्टीम थेट बंद होते. बऱ्याच प्रोसेसरसाठी ही मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते.

मग मी जी टेस्ट पहिल्या दिवशी करायला हवी होती ती केली. पीसी चालू करताना डिलीट की दाबून बायोसमध्ये गेलो आणि तिथेच थांबलो. बायोसमध्ये विंडोज चालूच झालेलं नसतं. तिथेही पीसी बंद पडला तर विंडोज निर्दोष! बऱ्याच बायोसमध्ये प्रोसेसरचं तापमानही दिसतं. आम्ही दोघं बघत बसलो. ७०... ८०... ९०... आणि स्क्रीन काळी.

प्लग काढून कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्याला चार खिट्ट्या असतात. त्यातली एक निसटली होती, त्यामुळे हीटसिंक एका बाजूने उचललेला. फेब्रुवारीत रंगकाम झालं तेव्हा टेबल हलवलं होतं, तेव्हाच हे झालं असणार. त्यात धुळीचा थर आणि वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट. साफ केलं, मटारच्या दाण्याएवढी नवीन पेस्ट लावली, चारही खिट्ट्या टक्‌ करून बसवल्या. त्या दुपारी पीसी चार तास चालला.

आता तुमच्यासाठी. पीसी बंद पडला की आधी बघा, तो कधी बंद पडतो?

काही वेळ चालून, तापल्यावर पडतो: धूळ, पंखा, थर्मल पेस्ट.

गेम किंवा जड काम सुरू करताक्षणी पडतो: एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, कमी पडत असेल. ज्याचा चालतोय त्याचा लावून बघा.

फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू झाली की पडतो: व्होल्टेज, सैल प्लग, यूपीएसची थकलेली बॅटरी. सॉकेट बदलून बघा.

निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होतो: रॅम किंवा ड्रायव्हर. त्यावरचा कोड फोनने टिपून ठेवा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही बघा. तिथे "कर्नल-पॉवर ४१" दिसलं की लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी पीसी नीट शटडाउन झाला नव्हता. कारण तो बहुतेक वेळा सांगत नाही. १०७४ दिसलं तर मात्र एखाद्या प्रोग्रामने किंवा माणसाने रीतसर बंद किंवा रीस्टार्ट केलाय, उदाहरणार्थ अपडेटने.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, धूळ काढताना ब्लोअर मारणार असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. दोन, एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा करंट साठलेला असू शकतो. ते काम जाणकाराचं.

आणि फॉरमॅट? तो सगळ्यात शेवटी. त्याआधी ज्याचा पीसी आहे त्याला विचारायचं, "तुमचं काम नक्की कुठे सेव्ह होतं?" ते फोल्डर डोळ्यांनी बघायचं, कॉपी करायचं, दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचं.

त्या पाच महिन्यांच्या नोंदींचं काय झालं? बिलांच्या फायली होत्या, म्हणून निभावलं. मी तीन दिवस सुट्टी टाकली. बाबा बिल वाचायचे, मी टाइप करायचो. चुकलो की ते फक्त म्हणायचे, "परत वाचतो." आता दर शनिवारी रात्री त्यांचा मेसेज येतो: "बॅकअप घेतला." मी थम्ब्स अप टाकतो.

तुमचा पीसी कसा बंद पडतो ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पण वेळा लिहून मगच हं! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, बाय!