आठवणीची परीक्षा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. डॉक्टरी विषय माझा नव्हे, पण घरात जे पाहिले तेवढे सांगते. मुलाला आकडी आली की आपल्याकडे अजून कांदा हुंगवतात, नाहीतर नाकाशी चप्पल धरतात. ते सोडा. मुलाला कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका. दहांपैकी सुमारे सात जणांच्या आकड्या औषधांनी आटोक्यात राहू शकतात. उरलेल्यांपैकी काहींना मेंदूच्या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ सालापासून ती होते. आता पुण्यामुंबईतही होते.

माझी पुतणी अकरा वर्षांची. तीन औषधे झाली, आकडी थांबेना. पुण्याला नेले तेव्हा दोष डाव्या कानशिलाच्या आतल्या भागात निघाला. मग तिची आठवण तपासली. पंधरा शब्द ऐकवायचे, म्हणून घ्यायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचे. चित्रे दाखवून नंतर ओळखायला लावायची. पोरीने शब्द भराभर सांगितले. जाऊबाई हरखून म्हणाल्या, "अक्का, पास झाली हो!"

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. शब्दांची आठवण बहुधा डाव्या बाजूला असते. तो भाग आधीच निकामी असेल तर काढल्याने फारसे जात नाही. चांगला चालत असेल तर जाण्यासारखे पुष्कळ असते. रिकामी कणगी गेली तर काय बिघडले? पण भरलेली गेली तर!

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या माणसाचा हा भाग दोन्ही बाजूंनी काढला. आकड्या कमी झाल्या. पण २००८ साली मरेपर्यंत नवी भेटलेली माणसे त्याच्या ध्यानात राहिली नाहीत. ब्रेंडा मिल्नर या बाई त्याला वर्षानुवर्षे तपासत होत्या, त्यासुद्धा त्याला दर खेपेला नव्याच. या बाईंच्या चिकाटीमुळे आठवण मेंदूत कोठे साठते ते पुष्कळसे कळले.

परीक्षेने अंदाज येतो, खात्री मिळत नाही. लहान वयात मेंदूचा दुसरा भाग काम उचलू शकतो. शिवाय शस्त्रक्रिया टाळली आणि आकड्या चालूच राहिल्या, तरी आठवण झिजू शकते. म्हणून जाऊबाईंना रात्री झोप नाही. भाऊजी म्हणतात, करून टाकू. मला वाटते, पोरीलाही विचारावे. विचारले, तर ती म्हणाली, "मोठी आई, मी पाढे विसरेन का?"

दिवाळीनंतर पुण्याला जायचे आहे. हा प्रश्न मी कागदावर पहिला लिहून ठेवला आहे.