लांडगा आला रे आला, पण पुढे काय?

आई-वडील सगळ्यात जास्त वेळा विचारतात, तो प्रश्न आज घेऊ या. ‘आमचा मुलगा हल्ली खोटं बोलायला लागलाय. काय करावं?’ इंदूर असो, बडोदा असो, बंगळूर असो, प्रश्न तोच. आणि त्याला जोडून एक वाक्य येतंच, ‘अहो, आम्ही तर त्याला लहानपणापासून चांगल्या गोष्टी सांगितल्यात!’

मग गोष्टींपासूनच सुरुवात करू. खोटं बोलू नये हे शिकवायला आपल्याकडे हुकमी गोष्ट म्हणजे ‘लांडगा आला रे आला’. पोरगं गंमत म्हणून ओरडतं, लोक धावून येतात, फसतात. आणि खरा लांडगा येतो तेव्हा कुणी येत नाही. ही गोष्ट ऐकून मुलं खरं बोलायला लागतात का? कॅनडातल्या संशोधकांनी हे चक्क तपासून पाहिलं. २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ३ ते ७ वर्षांची मुलं. मुलाला पाठमोरं बसवायचं, मागे एक खेळणं ठेवायचं, नुसत्या आवाजावरून ते ओळखायला सांगायचं. मग ताई म्हणणार, ‘मी जरा बाहेर जाऊन येते, मागे वळून बघायचं नाही हं.’ आता तुम्हीच सांगा, चार वर्षांचं मूल बघणार नाही का? बहुतेकांनी बघितलं. ताई परत आली, खेळणं झाकलं, मुलाला एक गोष्ट वाचून दाखवली आणि मग विचारलं, ‘बघितलंस का?’

काही मुलांना लांडग्याची गोष्ट वाचून दाखवली होती. काहींना पिनोकिओची, त्या लाकडी बाहुल्याची, ज्याचं नाक खोटं बोललं की लांब होतं. काहींना नुसती ससा-कासवाची, जिचा खरं-खोटं याच्याशी काही संबंध नाही. आणि गंमत बघा. लांडगा आणि पिनोकिओ ऐकलेली मुलं ससा-कासव ऐकलेल्या मुलांपेक्षा जास्त खरं बोलली नाहीत. फरक पडला तो चौथ्या गोष्टीने. छोटा जॉर्ज वॉशिंग्टन चेरीचं झाड तोडतो, वडिलांसमोर कबूल करतो, आणि वडील म्हणतात, तू खरं बोललास याचा मला आनंद आहे. (ही गोष्ट एका चरित्रकाराने रचलेली आहे असं जाणकार मानतात. खरेपणाची इतकी प्रसिद्ध गोष्ट, आणि तीच खरी नाही!) पुढे संशोधकांनी तिचा शेवट बदलून पाहिला. खोटं बोलल्याचे वाईट परिणाम दाखवणारा केला. लगेच तिचा गुण गेला.

म्हणजे मूल गोष्टीत काय ऐकत होतं? ‘खोटं वाईट’ हे त्याला आधीच माहीत होतं. त्याला पाहिजे होती ती पुढची बातमी. खरं सांगितल्यावर माझं काय होणार?

पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांत असाच खेळ घेतला गेला. २०११ साली त्याचे निष्कर्ष आले. एका शाळेत छडी, चापट, चिमटा रोजचे. दुसरीत मारणं नाही. मुलं ३-४ वर्षांची. मार खाणारी मुलं जास्त खोटं बोलली, आणि ते खोटं निभावून नेण्यातही तयार निघाली. आपल्याकडे ‘छडी लागल्याशिवाय विद्या येत नाही’ म्हणणारे अजून आहेत. एक विद्या येते खरी!

आता घरात या. कप फुटतो. तुम्ही आतल्या खोलीतून ओरडता, ‘कोणी फोडला?’ तुम्हाला माहीत असतं कोणी ते. घरात एकच मूल आहे. हा प्रश्न नसतोच, हा सापळा असतो. त्याऐवजी ‘कप फुटला वाटतं, लागलं नाही ना? थांब, चप्पल घाल’ एवढं म्हटलं, तर खोटं बोलायची वेळच येत नाही.

आणि रागवायचं किती, हे आपण कशावरून ठरवतो? पियाजे नावाचे स्विस मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १९३२च्या त्यांच्या पुस्तकात अशीच कपांची जोडगोष्ट आहे. एका मुलाने दार उघडलं, मागे कप आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं, १५ कप फुटले. दुसऱ्याने चोरून जॅम काढताना एक कप फोडला. जास्त चूक कोणाची? लहान मुलं म्हणायची, १५ वाल्याची. वय वाढतं तशी मुलं हेतू बघायला लागतात. पण आपण मोठे? स्टीलचा पेला पडला तर ‘असू दे’, नवऱ्याचा मोबाइल पडला तर फटका. चूक तीच, हात निसटला. रागावलो ते किमतीवर.

याचा अर्थ मुलाला मोकळं सोडायचं असा नाही. मराठी घरातल्या ताराबाई मोडक गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. माँटेसोरीची जी पद्धत त्यांनी आपल्याकडे रुजवली, तिच्यात लहान मुलांच्या हातात खरी, फुटणारी भांडी देतात. सांडलं की फडकं कुठे आहे हे मुलाला माहीत असतं. शिक्षा नाही, पण निस्तरणं आहे. काच तुम्ही उचला, फरशी त्याला पुसू दे. मग पुन्हा तो विषय काढायचा नाही. संध्याकाळी आजीला फोनवर ‘आज तुझ्या नातवाने काय पराक्रम केला’ हे सांगितलंत, की सकाळचं खरं बोलणं त्याला महाग पडलं.

आता जरा नावडती गोष्ट. सुट्टीत गावाकडे येताना गाडीत वेगळी बर्थ घेतली नाही, तर पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. परवाच केकवर पाच मेणबत्त्या विझवलेल्या मुलीला आपण सांगतो, ‘टीसीकाकांनी विचारलं तर चार सांग हं.’ तिला वाटतं आई विसरली. ती डब्यात सगळ्यांसमोर दुरुस्त करते, ‘आई, पाच!’ लोक हसतात, आई डोळे वटारते. खरं बोलल्यावर काय होतं, हे तिला त्या दिवशी कळतं. पुढच्या प्रवासात ती बरोबर चार सांगते. तिकीट काढा मंडळी. परवडतं.

हे सगळं साधारण आठ-नऊ वर्षांपर्यंतचं झालं. तेरा-चौदाची मुलं शिक्षेच्या भीतीने जेवढं लपवतात, तेवढंच स्वतःची खोली, स्वतःचे मित्र जपायलाही लपवतात. त्याला सरसकट खोटं म्हणायचं का, ते पुढच्या भागात बोलू.